पाटण्याचं भाडं

दहा टायरी गाडी घेऊन मला आठ महिने झाले होते. चाकणला गाडी रिकामी उभी होती आणि एका दलालाचा फोन आला. पाटणा, 90 हजार. 72 हजार ॲडव्हान्स, बाकी 18 पोच दिल्यावर. शेजारच्या गाडीवरच्या काकांनी विचारलं, "येताना काय आणणार?" मी म्हणालो, "मिळेल काहीतरी." ते तंबाखू मळत राहिले.

पाटणा सतराशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे एका बाजूचं डिझेलच 38 हजारांचं. टोल, वाटखर्च, दलालाचे दोन हजार काढूनही बरे पैसे दिसत होते. चौथ्या दिवशी पोचलो. गोदामात जागा नाही म्हणून तीन दिवस रांगेत. गाडी खाली झाल्यावर पाच दिवस परतीचं भाडं शोधलं. तिकडे माल जातो भरपूर, बाहेर पडतो थोडा. म्हणूनच जातानाचा आकडा मोठा असतो. परतीचा खड्डा त्यातच भरायचा असतो. मी तो नफा धरून बसलो होतो. शेवटी रिकामा बोकारोला गेलो, आणखी दोन दिवस थांबून कळंबोलीसाठी लोखंड भरलं, तेही पडत्या दराने. घरी आलो तेव्हा विसावा दिवस होता.

हप्ता, विमा, टॅक्स धरून माझी गाडी नुसती उभी राहिली तरी दिवसाला 2,200 रुपये खाते. वीस दिवसांचे 44 हजार. तेवढ्या दिवसांत हैदराबादच्या चार फेऱ्या झाल्या असत्या, दोन्ही बाजूंनी भरून. आता भाडं कितीही असो, खर्च वजा करून उरेल त्याला मी घरी परत येईपर्यंतच्या दिवसांनी भागतो. मगच हो म्हणतो.

राहिले 18 हजार. पोच घेऊन गेलो तर दलाल म्हणाला, पार्टीकडून आले नाहीत. बिल्टी नीट वाचली तेव्हा कळलं, तिच्यावर भलत्याच ट्रान्सपोर्टचं नाव होतं. त्यांनी दलालाला केव्हाच पैसे दिले होते म्हणे. माझ्याकडे लेखी काय? फोनवरचं बोलणं. तुम्ही ताडपत्री बांधण्याआधी बिल्टीवर कोणाचं नाव आहे ते बघा. भाडं, ॲडव्हान्स, बाकी कोण आणि किती दिवसांत देणार, किती तासांनंतर हॉल्टिंग लागणार, हे दलालाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा माल भरू नका. खाली करायला थांबावं लागलं तर गेटवरच्या रजिस्टरचा आणि पोचेवरच्या तारखेचा फोटो काढून ठेवा. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाने पॅन आणि तसं लेखी दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो, हेही मला फार उशिरा कळलं.

टनावर दर मिळतो म्हणून दोन टन जास्त भरायचा मोह होतो. दहा टायरीचं पासिंग 2018 पासून मालासकट साडेअठ्ठावीस टन आहे. त्यावर गेलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. भरल्यावर काट्याची पावती घेतल्याशिवाय हलू नका.

चांगलं भाडं नाक्यावर क्वचित मिळतं. नाक्यावर येईपर्यंत ते दोन-तीन हातांतून गेलेलं असतं आणि प्रत्येकाने आपलं काढून घेतलेलं असतं. मी चार महिने लहान कारखान्यांच्या डिस्पॅचवाल्यांना भेटत राहिलो. कोरडा हौदा, न फाटलेली ताडपत्री आणि उचलला जाणारा फोन एवढंच त्यांना हवं असतं. महिनाअखेरीला त्यांची घाई असते, तेव्हा दर तुम्ही सांगा. मोबाईलवरची ॲप मी दर कळण्यापुरती बघतो. आणि एक सवय लावून घ्या: गाडी भरण्याआधीच पोचण्याच्या गावातल्या दोन ट्रान्सपोर्ट ऑफिसांना फोन करून परतीचं विचारा. दोघंही "बघू" म्हणाले, तर दर वाढवून मागा, नाहीतर सोडून द्या.

पाटण्याचे 18 हजार अजून यायचे आहेत. दलालाचा नंबर बंद आहे, पोच माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.