'नो प्रॉब्लेम' म्हणण्याआधी थांबा: फोनवरच्या सौद्यासाठी पाच इंग्रजी वाक्यं



आजच्या व्हिडिओतला महत्त्वाचा भाग इथे लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.

समजा, कळमनुरीत तुमचं हळद पावडरचं छोटं युनिट आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या हळदीचं नाव लांब पोचलं. चेन्नईहून एका व्यापाऱ्याचा फोन येतो. त्याला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. तो विचारतो, 'सिक्स्टी डेज क्रेडिट, ओके?' तुमच्या तोंडून सवयीने निघतं, 'येस सर, येस सर, नो प्रॉब्लेम!'

झालं! माल आज जाणार, पैसे दोन महिन्यांनी. तुम्हाला खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं की मी ऐकतोय. मराठीत समोरचा बोलत असताना आपण 'हो, हो' करतोच. तो होकार नसतो, हुंकार असतो. पण सौद्यात 'येस' म्हणजे मान्य.

मग पाठ केलेली वाक्यं वापरूच नयेत का? तसं नाही. 'येतो हं' म्हणून निघताना आपण तरी कुठे शब्द जुळवत बसतो? नवी भाषा शिकणाऱ्याला तर तयार वाक्यांचा मोठा आधार असतो. चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांचं 'फाइन, थँक यू, अँड यू?' प्रसिद्धच आहे. 'हाउ आर यू?' विचारलं की हेच उत्तर, मग अंगात ताप का असेना! त्यांच्या बोलण्यात 'आय थिंक'ही गरजेपेक्षा जास्त येतं, असं अभ्यासकांना दिसलंय. दोष वाक्याचा नाही. वाक्यं मोजकीच येतात, म्हणून तीच सगळीकडे लागतात. आपलं 'नो प्रॉब्लेम' तसंच आहे.

तेव्हा साठा वाढवा. ही पाच वाक्यं घ्या:

१. ऐकतोय, पण होकार नाही: 'आय अ‍ॅम लिसनिंग, सर.'
२. कळलं नाही: 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?'
३. विचाराला वेळ हवा: 'लेट मी चेक अँड कॉल यू बॅक.'
४. खात्री करायची: 'लेट मी रिपीट. टू हंड्रेड किलोज, फिफ्टी परसेंट अ‍ॅडव्हान्स. करेक्ट?'
५. सभ्य नकार: 'सॉरी सर, आय कॅन गिव्ह यू ओन्ली फिफ्टीन डेज.'

पाचव्या वाक्याला कायद्याचाही आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे देण्याची मुदत, २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे, लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सराव कसा कराल? शब्द सुटे करू नका, अख्खं वाक्य एका दमात म्हणा. मग आकडे बदलून म्हणा. घरातल्या कुणाला तरी व्यापारी करा. आणि प्रत्येक वाक्यासोबत त्याच्या पुढचा प्रश्नही तयार ठेवा. तुम्ही 'कॉल यू बॅक' म्हणालात की तो विचारणारच, 'व्हेन?' तिथे गप्प राहू नका: 'बाय फाइव्ह टुडे, सर.' आणि पाचला फोन कराच.

फोन ठेवल्यावर भाव, वजन आणि मुदत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. बोलताना एखादं वाक्य चुकलं असेल, तर ते तिथे दुरुस्त होतं.

आजचा गृहपाठ: दिवसभरात तुम्ही 'येस' आणि 'नो प्रॉब्लेम' किती वेळा म्हणता, ते मोजा. त्यातले खरे होकार किती, तेही लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!