मधले पाच दिवस

मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने कोकणात किंवा मावळ-मुळशीकडे पाच-दहा गुंठे घेतले, की शनिवार-रविवारी जाऊन आपल्या हाताने छोटेसे घर उभे करायचे बेत सुरू होतात. मी त्याच्या विरोधात नाही. पण या कामाचा हिशेब बहुतेक जण उलट्या बाजूने मांडतात. तिथे असू त्या दोन दिवसांत काय काय उरकेल याच्या याद्या होतात. नसू त्या पाच दिवसांत अर्धवट कामाचे काय होईल, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते कोणते काम स्वतः करायचे हे हातातल्या कसबावर ठरवूच नये. रविवारी दुपारी जसे आहे तसे टाकून, कुलूप लावून निघता येते ते काम आपले. ज्याला सोमवारी माणूस लागतो ते गवंड्याचे.

सिमेंटचेच घ्या. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओल टिकवावी लागते; कोरड्या, उष्ण हवेत मुदत १० आणि १४ दिवसांवर जाते. आणि शहरातला माणूस बांधकामाला हात घालतो तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, कारण जूनच्या आत डोक्यावर छप्पर हवे असते. शनिवारी ओतलेल्या ओट्यावर रविवारी आळी करून पाणी भरले, खांबांना ओले गोणपाट गुंडाळले, तरी एप्रिलच्या उन्हात एक-दोन दिवसांत गोणपाट वाळून पापडासारखे होते आणि आळी कोरडी पडतात. पुढच्या शनिवारी कितीही पाणी मारा, गेलेला आठवडा भरून निघत नाही. वरून ओटा गुळगुळीत दिसतो, पण खिळ्याने ओरखडा काढला की पीठ निघते. असा पृष्ठभाग धूळ सोडत राहतो आणि पाणी पीत राहतो.

छपराचे गणित याहून कडक. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एक कौल चार बोटे सरकले तर पाणी सरळ खाली पडेलच असे नाही. ते वाशाच्या खालच्या अंगाने ओघळत भिंतीच्या माथ्यावर जाते आणि डाग भलतीकडेच दिसतो. राहत्या घरात पहिला थेंब पडल्यावर कोणीतरी काठीने कौल वर सारतो. बंद घरात ते आठवडाभर, मुसळधार पावसात रस्ता बंद झाला तर त्याहून जास्त, तसेच राहते. मग ओली भिंत आणि लाकूड जिथे भेटतात तिथे वाळवी लागते. म्हणून मे संपेपर्यंत आढ्यासकट पुरे होणार नसेल तर त्या वर्षी छपराला हातच लावू नये. ताडपत्रीच्या भरवशावर तर मुळीच नाही.

मग आपल्या वाट्याला उरते काय? भरपूर. पहिला पावसाळा काही न बांधता पाणी कुठून येते, कुठे तुंबते, पश्चिमेची झड कुठवर मारते ते पाहणे आणि त्याप्रमाणे चर खणणे. दगडांचा कोरडा गडगा रचणे. तो कुठेही थांबवला तरी बिघडत नाही. गवत वाळले की वणव्याच्या आधी जागेभोवती जाळरेषा साफ करणे. झाडे, रंग, पडवीतले बाक, फळ्या. वायरिंग मात्र परवाना असलेल्या वायरमनचेच, यावर वाद नको.

यावर पहिला आक्षेप पैशाचा: मजुरी वाचते ना! वाचते, काम एकदाच करावे लागले तर. फोडून पुन्हा करायचे झाले की सिमेंट, वाळू आणि फोडायची मजुरी असा तिहेरी खर्च येतो, शिवाय दर खेपेचे पेट्रोल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शेजारचे काका पाणी मारतील की. पण मार्च-एप्रिल म्हणजे आंबा-काजूचा हंगाम आणि भाताची भाजावळही तेव्हाच. ‘जाता-येता जरा बघा’ म्हटल्यावर ते भिडेखातर हो म्हणतात. त्यांची स्वतःची कामे सोडून येणार कधी? रोजाचे पैसे ठरवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ किती पाणी ते सांगा, आणि मुळात ओतकाम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा. तेव्हा भातकापणी आटोपलेली असते, ऊन सौम्य असते, आणि विहिरीला पाणी असते. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेल्यावर आळी भरायला टँकर मागवावा लागतो, आणि तो खर्च कुठल्याच यादीत धरलेला नसतो.