फोटो एडिटिंगसाठी दोन मॉनिटर: पैसा कुठे घालायचा?

रत्नागिरीत फोटो स्टुडिओ टाकताय किंवा ऑनलाइन विक्रीसाठी हापूसचे फोटो एडिट करताय? मग व्हिडिओतला मुद्दा लिहून ठेवा: दोन सारखे मॉनिटर घेऊ नका. एक चांगला घ्या, दुसरा साधा चालतो.

कारण रंगाचा निर्णय एकाच स्क्रीनवर होतो. स्क्रीनवर लाल दिसलेला शालू अल्बममध्ये राणी रंगाचा आला, तर दुसरी प्रिंट तुमच्या खिशातून जाते. नफा तिथेच संपला.

मुख्य मॉनिटर
- आयपीएस पॅनल हवा. बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही.
- एसआरजीबी 100 टक्क्यांच्या जवळ हवं. ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलेला नको.
- 24 इंचाला 1920 × 1080 चालतं. 27 इंचाला 2560 × 1440 बघा, नाहीतर बारकावे भरड दिसतात.

दुसरा मॉनिटर
फोल्डर, टूल्स, ग्राहकाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज यासाठी. घरातला जुनाही चालेल. फक्त कॉम्प्युटरला दोन डिस्प्ले पोर्ट आहेत ना, ते आधी बघा.

ब्राइटनेस
नवा मॉनिटर बहुतेक वेळा जास्तच उजळ असतो. त्यावर फोटो छान दिसतो, प्रिंट मात्र काळपट येते. ब्राइटनेस कमी करा, कॅलिब्रेटर वापरा. तो महाग वाटला तर दोन-तीन स्टुडिओवाल्यांनी मिळून घ्या. आणि पूर्ण अल्बम लॅबला देण्याआधी एक टेस्ट प्रिंट काढाच.

आजचा गृहपाठ: एक अल्बम पुन्हा छापायचा खर्च काढा. साध्या आणि चांगल्या मॉनिटरच्या किमतीतला फरक त्याच्या शेजारी लिहा. मग ठरवा.