बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी : गावाचा अलिखित दप्तरखाना

मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वयोवृद्ध शेतकरी जन्म, लग्नकार्य वा विहिरीचे खोदकाम सांगताना आजही ‘बहात्तरच्या आधी’ किंवा ‘बहात्तरनंतर’ असा हवाला देतात. १९७२-७३ चा दुष्काळ हा या भागाच्या लोकस्मृतीतील असा मैलाचा दगड आहे.

सलग दोन वर्षे अपुऱ्या झालेल्या पावसाने १९७२ मध्ये पुन्हा पाठ फिरविली. खरीप गेला, रब्बीची पेरणीही साधली नाही. परदेशातून आलेला लाल मिलो, केंद्रांवर वाटली जाणारी सुकडी आणि उन्हात फोडलेली खडी, या तीन गोष्टी त्या पिढीच्या बोलण्यात हटकून येतात. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या कष्टांतून उभे राहिले. श्री. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला याच अनुभवाचे बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आठवणींतील बोध

२०१२-१३ च्या टंचाईत जुन्या जाणत्यांनी एक मार्मिक फरक सांगितला. बहात्तरला विहिरींत थोडे तरी पाणी होते, पण धान्य नव्हते. या वेळी धान्य होते, पण पाणी नव्हते. मधल्या काळात विंधन विहिरी वाढल्या, भूजलाचा उपसा वाढला. परंतु पुनर्भरण त्या मानाने झाले नाही, हाच या बोलण्याचा अर्थ.

स्मृतीला मर्यादा आहेत. ती भूक विसरत नाही, पण पावसाचे मिलिमीटर तिला सांगता येत नाहीत. उलट, मंडळाच्या पर्जन्यमापकालाही सारे दिसत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यात गारपीट झाली. गारांचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारातील गहू-हरभरा झोडपला जातो, तर शेजारचे शिवार वाचते. असे नेमके तपशील गावकऱ्यांनाच ठाऊक असतात.

म्हणून ग्रामपंचायतींनी कोणती विहीर शेवटपर्यंत टिकली, पुराचे पाणी कोठवर चढले, कोणते पीक तग धरून राहिले, याची नोंदवही ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि तलाठ्याकडील नोंदींशी ताडून पाहाव्यात. बहात्तर पाहिलेली पिढी झपाट्याने विरळ होत आहे. तिच्याबरोबर हा दप्तरखाना कायमचा मिटण्यापूर्वी हे कार्य हाती घेणे अगत्याचे आहे.