गाजर गवताची खाज : ओळख आणि उपाय



बांधावर, पाटाच्या कडेला, गोठ्यामागे पांढऱ्या फुलांचे गाजर गवत सगळीकडे माजले आहे. १९५० च्या दशकात पुणे भागात ते प्रथम ठळकपणे नजरेस आले. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पिकाला त्याचा त्रास होतो हे आपण जाणतोच. माणसाला काय होते, ते आज पाहू.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे खुरपले, काही झाले नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एकदा का एखाद्याच्या शरीराला ते सोसेनासे झाले, की वाळक्या गवताच्या धुळीनेही अंग पेटते. यालाच ॲलर्जी म्हणतात. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही.

ओळख : पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराची लवण येथे खाज, लाली, पुढे कातडी जाड व काळी. उन्हाच्या त्रासातही तोंड लाल होते. परंतु पापण्या, कानामागची व हनुवटीखालची सावलीतली जागा बहुधा सुटते. धूळ मात्र तिथेही पोचते. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल असून त्याची कड उठलेली असते.

खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, पाठ भिजवायची नाही. काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तेव्हा मधेच घरी निघून येऊ नये.

उपाय :
१) ज्याला त्रास आहे त्याने हे गवत उपटू नये, जाळूही नये.
२) रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. घरी येताच साबणाने अंग धुवावे, कपडे बदलावेत.
३) दुकानातून विचारून आणलेले मलम चोळू नये. स्टिरॉइडचे मलम वा गोळ्या डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्याव्यात. गजकर्णावर तेच मलम लावले तर ते दबते आणि पसरते.
४) दम लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एका झाडाला हजारो बिया येतात; वारा आणि पाणी त्या रानोरान नेतात. आपला बांध साफ करून शेजाऱ्याचा तसाच ठेवला तर काय उपयोग? पहिल्या पावसानंतर, फुले येण्याआधी, हातमोजे घालून सगळ्यांनी मिळून गवत मुळासकट काढू या. फुले नसलेले गवत खड्ड्यात कुजवले तर खतही होते.