बायपासची शीर आणि हिरवा प्रकाश

प्रश्न : वडिलांची बायपास ठरली आहे. पायातली शीर प्रकाशाने मजबूत करतात, वर जाळीही चढवतात म्हणे. आग्रह धरावा का?
– एक वाचक, कळंब (ता. कर्जत)

उत्तर : नको. पायातल्या शिरेला कमी दाबाची सवय. हृदयावर धमनीचा दाब सोसताना ती ताणते, आतला थर जाडावतो. 10 वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात. रोझ बेंगाल हा रंग लावून हिरवा प्रकाश टाकला की भिंतीतलं कोलॅजन घट्ट होतं, पण हे अजून प्रयोगांतच आहे. कोबाल्ट-क्रोमची जाळी माणसांत वापरली. 2022च्या चाचणीत वर्षभरानंतर ठोस फरक दिसला नाही. सर्जनना हे मात्र जरूर विचारा : छातीतल्या धमनीबरोबर हातातली धमनी घेता येईल का? ती शिरेपेक्षा जास्त टिकते. आणि वडिलांना तंबाखूची सवय असेल, तर ती आजच सोडवा.