घासाचा चिवट वाण



आपल्या मावळात पावसाळ्यात गवत मायंदाळ. पण होळी झाली की डोंगर पिवळे पडतात आणि जनावरांचे हाल सुरू होतात. तेव्हा लसूणघास कामाला येतो. त्याची पाने मेथीसारखी तीन-तीन असतात आणि फुले जांभळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला की पहिली कापणी सुमारे ५५ ते ६० दिवसांनी होते. पुढे दर २५ ते ३० दिवसांनी कापायचा. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र घेतात, म्हणून जमीनही सुधारते.

या पिकाला शत्रू बरेच आहेत. पानांवर तांबेरा आणि केवडा रोग पडतो. मावा लागतो. अमरवेल चिकटली की रस शोषून घेते. पाणी साचले तर मुळे कुजतात.

आमच्याकडं असंच झालं. भात निघाल्यावर खाचरात घास लावला. बियाण्यात अमरवेलीचं बी आलं होतं. आजोबा म्हणाले, "पोरी, वेल लागलेले झुपके कापून जाळ, नाहीतर सगळा घास जाईल." आई आणि मी ते जाळले. पुढच्या पावसाळ्यात खाचरात पाणी साचलं आणि उरलेला घास पिवळा पडून मेला. दूध कमी झालं. बाबा म्हणाले, "आता कपिली विकावी लागणार." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण बांधाजवळ सात झाडं हिरवी राहिली. मी गुरुजींना विचारलं, "ही चिवट जातीची असतील का?" गुरुजी म्हणाले, "असतील. पण बांध उंच आहे, म्हणूनही वाचली असतील. जात चांगली की जागा चांगली, हे बघायला दोन्ही बिया एकाच जागी पेराव्या लागतात."

नवे वाण असेच पारखून काढतात. आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर करून १९८७ साली इंद्रायणी भात दिला. घासाचा आरएल-८८ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आहे. तो एकदा पेरला की तीन-चार वर्षे कापता येतो. घासाच्या फुलांत मधमाश्या एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे बियांची सगळी झाडे सारखी निघत नाहीत. म्हणून चांगली झाडे निवडून त्यांचे बी पुन्हा पेरायचे, असे अनेक वर्षे करावे लागते.

आम्ही त्या सात झाडांचे मूठभर बी धरले. दिवाळीनंतर खाचराच्या एकाच कडेला दोन वाफे केले. एकात ते बी आणि दुसऱ्यात विकतचे बी पेरले. पुढचा पावसाळा परीक्षा घेईल. बाबांनी कपिली अजून विकलेली नाही.

लक्षात ठेवा : उपाशी जनावराला कोवळा ओला घास भरपूर घालू नये, पोट फुगते. भाताच्या पेंढ्यात मिसळून द्यावा.

— इयत्ता चौथी